ऋणकोची वही

२००५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी आम्हा सगळ्यांची लायकी एका आकड्यात सांगायची सोय करून दिली. रीत सोपी आहे. तुमचे पेपर उतरत्या क्रमाने मांडायचे, ज्याचा उल्लेख इतरांनी सर्वांत जास्त केला तो वर. मग मोजत खाली यायचं. दहाव्या पेपरला निदान दहा सायटेशन असतील आणि अकराव्याला अकरा नसतील, तर तुमचा एच-इंडेक्स १०. हर्श यांनी त्याच लेखात भावही सांगून टाकले होते: अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात नोकरी कायम व्हायला साधारण १२, पूर्ण प्राध्यापक व्हायला १८, तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीत बसायचं तर ४५च्या आसपास. त्या वेळी भौतिकशास्त्रज्ञांत सर्वांत वर होते एडवर्ड विटन, ११०.

माझा ९ आहे. एच-इंडेक्स वाढतो, पण उतरत मात्र नाही, एवढी एक दया त्याच्यात आहे. माणूस गेल्यावरही तो वाढू शकतो. पुण्य आणि एच-इंडेक्स या दोनच गोष्टी मेल्यावर खात्यात जमा होऊ शकतात, असं मी विद्यार्थ्यांना गमतीने सांगत असे.

माझी सगळी उमेद कोल्हापुरात तापलेल्या काचेवर कथिलाच्या क्लोराइडचं द्रावण फवारण्यात गेली. त्यातून टिन ऑक्साइडचा पातळ थर बसतो. आरपार दिसतो आणि वीजही वाहून नेतो. माझ्या ज्या पेपरला सर्वांत जास्त सायटेशन मिळाली, त्यात फवाऱ्याच्या नळीचं तोंड आणि काचेचं तापमान यांचा हिशेब आहे. कुणालाही उपयोगी पडेल असा, आणि थोडा नीरस. माझ्या मते माझं सर्वांत चांगलं काम वेगळंच आहे: कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्याच थराचा रोध का आणि कसा बदलत जातो, हे. त्याला आजवर दोन सायटेशन आहेत. त्यातलं एक मीच दिलेलं.

निवृत्तीच्या समारंभात संस्कृत विभागातले एक सहकारी बोलले. वैज्ञानिक म्हणजे गीतेतला खरा कर्मयोगी, काम करतो आणि फळाकडे पाहत नाही, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ सांभाळत मीही मान हलवली. वाद घालायची ती जागा नव्हती. पण ते बोलत होते तेव्हा माझ्या मनात विभा चौधुरी होत्या.

विभा चौधुरी यांचं नाव आमच्या पिढीला एम.एस्सी.च्या पुस्तकात भेटलं नाही. १९१३ साली कोलकात्यात जन्मलेल्या या बाई देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर बोस इन्स्टिट्यूटमध्ये विश्वकिरणांवर काम करत होत्या. फोटोच्या काचा घेऊन दार्जिलिंगला, संदकफूला चढायचं, त्या महिनोन्महिने उंचावर ठेवायच्या, आणि मग खाली आणून त्यांवर उमटलेल्या कणांच्या रेघा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. रेघ किती वळते, तिच्यावरचे दाणे किती दाट आहेत, यावरून कणाचं वस्तुमान काढायचं. दोघांनी ते इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट काढलं आणि १९४० ते १९४२ या काळात 'नेचर'मध्ये एकामागून एक टिपणं छापली. युद्ध सुरू होतं. अधिक संवेदनशील, फुल-टोन काचा मिळेनात. हाफ-टोनवर भागवावं लागलं. काम तिथेच थांबलं.

पुढे ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल यांच्या गटाने तीच पद्धत सुधारलेल्या इमल्शनवर चालवली, १९४७ साली पायॉन नावाचा मेसॉन सापडला, आणि १९५०चं नोबेल पॉवेल यांना एकट्याला मिळालं. व्हिएन्नात ही पद्धत उभी करणाऱ्या मारिएटा ब्लाउ तेव्हा हिटलरमुळे देश सोडून कधीच परागंदा झाल्या होत्या. त्यांनाही नाही.

आता यातली जी गोष्ट मला महत्त्वाची वाटते, ती अशी. पॉवेल यांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या १९५९च्या जाडजूड ग्रंथात स्पष्ट नोंदवलं आहे की इमल्शनमध्ये मेसॉनची रेघ प्रोटॉनच्या रेघेपासून वेगळी ओळखता येईल, हे बोस आणि चौधुरी यांनी १९४१ सालीच दाखवलं होतं. नोबेल पदरात पडून नऊ वर्षं झाली होती. ही नोंद केली नसती तर कुणी विचारायला आलं नसतं. पॉवेल यांनी ती केली.

विभा चौधुरी तोवर मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्याकडे पीएच.डी. करून मुंबईत आल्या होत्या. १९४९ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. नंतर अहमदाबाद, कोलारच्या सोन्याच्या खाणीतले प्रयोग, पुन्हा कोलकाता. १९९१ साली त्या गेल्या, तोवर काम चालूच होतं. देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही. त्यांचं नाव इंग्रजीत कधी 'बिभा', कधी 'बिवा', आडनावाचं स्पेलिंग तर दर वेळी निराळं. संगणकाने एकगठ्ठा मोजायचं म्हटलं तरी पंचाईत. २०१९ साली एका ताऱ्याला 'बिभा' नाव दिलं गेलं. ताऱ्याचं नाव ही चांगली गोष्ट आहे, पण अकादमीची फेलोशिप हयातीत उपयोगी पडते.

आमच्या संस्कृतच्या सहकाऱ्यांचं म्हणणं विभाबाईंना लावून पाहा. त्यांनी फळाची आशा न धरता काम केलं, हे अगदी खरं असेल. पण म्हणून त्यांचं नाव न घेणाऱ्यांचं काय? निष्कामतेचा उपदेश आपल्याकडे नेहमी उताराने वाहतो. विभागप्रमुख तो लेक्चररला करतात, गाईड स्कॉलरला करतो, आणि सगळे मिळून घरातल्या बाईला करतात. वरच्या दिशेने तो चढलेला मी पाहिलेला नाही. दुसऱ्या अध्यायातला तो एक श्लोक सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचं चक्र सांगताना, मिळालेलं परत न देता जो नुसता भोगतो त्याला चोर म्हटलं आहे, सरळ चोर. निरोप समारंभात हे वाक्य मात्र कुणी काढत नाही.

मला वाटतं, घोळ इथेच आहे. सायटेशन हे लिहिणाऱ्याच्या कर्माचं फळ आहे असं आपण धरून चालतो. ते तसं नाहीच. माझा पेपर छापून झाला, माझं कर्म संपलं. कुणी दहा वर्षांनी त्याचा उल्लेख करतो, ते त्याचं कर्म. त्याने माझ्याकडून काही उचललं आणि ते कबूल केलं. उधारीची वही दुकानदार ठेवतो हे खरं, पण उधारी फेडायची जबाबदारी गिऱ्हाइकाची असते. दुकानदार मोठ्या मनाने म्हणू शकतो, जाऊ दे, राहू दे. गिऱ्हाइकाला ते म्हणता येत नाही. फळाचा त्याग हा धनकोचा अधिकार आहे. ऋणकोने धनकोच्या वतीने त्याग केला तर त्याला बुडवणं म्हणतात.

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. ब्राह्मण तीन ऋणं घेऊनच जन्मतो असं तैत्तिरीय संहितेत सांगितलं आहे: देवांचं, ऋषींचं, पितरांचं. देवांचं यज्ञाने फिटतं, पितरांचं संततीने, आणि ऋषींचं ब्रह्मचर्याने, म्हणजे गुरूकडे राहून केलेल्या अध्ययनाने. ऋषी काही मागायला येत नाहीत. त्यांचं देणं शिकण्यातूनच फेडायचं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, ऋग्वेदी. श्रावणीला ते ब्रह्मयज्ञ आणि तर्पण साग्रसंगीत करत. आम्हा मुलींना तिथे अधिकार नव्हता. उंबऱ्याशी बसून ऐकायला बंदी नव्हती. जानवं माळेसारखं गळ्यात घेतलं की ऋषींची पाळी आली, हे मला कळायचं. ती यादी आश्वलायन गृह्यसूत्रातली आहे हे मला पुष्कळ उशिरा समजलं, आणि ती नीट वाचली तेव्हा मी थक्क झाले.

कारण ती चक्क संदर्भसूची आहे. पहिलं नाव एका व्यक्तीचं नाही, शतर्चिन् या गटाचं आहे: ज्यांच्या नावावर शंभर-शंभर ऋचा आहेत असे पहिल्या मंडलातले ऋषी. म्हणजे किती लिहिलं याची मोजदाद त्या काळीही होती. मग माध्यम म्हणजे मधल्या मंडलांचे, त्यांत गृत्समद, विश्वामित्र, वामदेव, अत्रि, भरद्वाज, वसिष्ठ. शेवटी क्षुद्रसूक्त आणि महासूक्त, छोटी सूक्तं रचणारे आणि मोठी रचणारे. दोघांनाही ओंजळीतलं तेच पाणी. शंभर ऋचावाल्याला जास्त आणि चार ओळीवाल्याला थेंबभर, असं नाही. त्यानंतर येतात आचार्य: सुमंतु, जैमिनी, वैशंपायन, पैल. ज्यांनी मंत्र पाहिले नाहीत, पण सूत्रं आणि भाष्यं सांभाळली, शिकवली. पुढे तीन बायका: गार्गी वाचक्नवी, वडवा प्रातिथेयी, सुलभा मैत्रेयी. ज्या घरात मला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, त्या घरात दर श्रावणात या तिघींना नावानिशी पाणी मिळत होतं आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नव्हती. यादी संपते ती कुणा एका नावाने नाही, तर राहिलेले बाकीचे जे आचार्य असतील तेही सगळे तृप्त होवोत, अशा अर्थाने. आमच्या पेपरांत पहिल्या लेखकाच्या नावापुढे 'इत्यादी' लिहून उरलेल्यांना गुंडाळतात. इथल्या इत्यादींना स्वतंत्र ओंजळ आहे.

आणि बेरीज कुणी करत नाही. किती घरांतून वसिष्ठांना पाणी गेलं, वामदेवांपेक्षा ते जास्त की कमी, हा प्रश्नच त्या रचनेत बसत नाही. दिलं की नाही, एवढंच विचारता येतं, आणि तेही देणाऱ्याला.

हर्श यांच्या आधीही मोजणारे होते. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आणला. त्यांना कल्पना सुचवली होती अमेरिकन वकिलांच्या एका जुन्या सूचीने: एखादा निवाडा पुढे कुठे-कुठे आधाराला घेतला गेला, कुठे फिरवला गेला, हे शोधायची सोय. म्हणजे मूळ हेतू विचाराचा माग काढण्याचा होता. एखादी कल्पना कुठून निघाली आणि कुठे पोचली, हे पाहायला याहून चांगलं साधन नाही. मी स्वतः त्याच्यावर वाढले. ग्रंथालयातले ते बारीक टाइपातले जाड खंड उघडून आम्ही पेपरांची वंशावळ शोधायचो. पुढे त्याच खंडांवरून माणसांची किंमत ठरू लागली. ऋणकोंच्या वह्या गोळा करून धनकोची प्रतवारी. ते झालं, आणि मग धनकोंनी ऋणको मिळवायला सुरुवात केली.

एक मुलगा माझ्याकडे आला होता. जवळच्या तालुक्यातल्या कॉलेजात शिकवत पीएच.डी. करणारा. त्याच्या पेपरवर रेफरीचा अभिप्राय आला होता: काम चांगलं आहे, फक्त पुढील पाच पेपरांचा संदर्भ घालावा. पाचही पेपर एकाच माणसाचे. रेफरी कोण हे गुप्त असतं, पण इतकंही नसतं.

"मॅडम, घालून टाकू का? नाहीतर पेपर अडकेल."

"अरे, वाचलेस का ते?"

"वाचले. त्यातले दोन बरे आहेत. तिसऱ्यातली आकृती तर आपल्या उपयोगाची आहे."

"मग तीन घाल. उरलेल्या दोनांचं तू काय देणं लागतोस?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग मी त्याचा आभाराचा परिच्छेद पाहिला. निधी देणारी संस्था होती, गाईड होते, कुलगुरूही होते. मी विचारलं, "क्वार्ट्झच्या नळ्या कुणी फुंकून दिल्या तुला?"

"ग्लासब्लोइंगच्या मामांनी."

"मग?"

"मॅडम, ते तर त्यांचं कामच आहे."

हे वाक्य मी जन्मभर ऐकलं. कुलगुरूंचं काय काम आहे, असं विचारायचं ओठांवर आलं होतं. विद्यापीठातल्या ग्लासब्लोइंगच्या मामांचं आडनाव अर्ध्या विभागाला माहीत नव्हतं. निम्म्या पीएच.डी. त्यांच्या फुंकरीवर उभ्या होत्या, आणि भट्टीत नळी तडकली की संशोधन महिनाभर बंद पडे. त्यांचा एच-इंडेक्स शून्य. मुलाने नाव घातलं, पुढे ते छापूनही आलं. पाचापैकी तीनच संदर्भ घातल्यामुळे काही अडलं नाही. अडलं असतं तर मी हा किस्सा कदाचित वेगळ्या तोंडाने सांगितला असता.

तर्पणाची बाजू घेऊन मी फार पुढे जाणार नाही. कर्मकांड सडतं कसं, हेही मी त्याच उंबऱ्यावरून पाहिलं आहे. अण्णांनी आश्वलायन वाचलं नव्हतं. भटजींनी सांगितलेली नावं भराभर म्हणायची आणि पळीतलं पाणी ताम्हनात सोडायचं. पैल कोण, वडवा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि यादी बंद झाली होती. हजारो वर्षांत तिच्यात एका नावाची भर नाही, भास्कराचार्यांची नाही, ज्ञानेश्वरांचीही नाही. भौतिकशास्त्राची यादी तरी दर पेपरला नव्याने लिहावी लागते. पण भराभर नावं म्हणण्यात आम्ही अण्णांच्या मागे नाही. मिखाइल सिमकिन आणि वाणी रॉयचौधुरी या दोघांनी २००३ साली एक मजेदार हिशेब मांडला. संदर्भसूचीत एखाद्याने पानाचा किंवा खंडाचा आकडा चुकवला, की तीच चूक पुढच्या अनेक सूच्यांत जशीच्या तशी उतरते. म्हणजे लोक मूळ पेपर न उघडता दुसऱ्याची सूची उतरवतात. चुकांच्या या प्रसारावरून त्यांचा अंदाज असा निघाला की उल्लेख करणाऱ्यांपैकी पाचातल्या एकानेच मूळ पेपर वाचलेला असतो. ऋषींना पाणी पोचत असेल तर त्यांनाही तेवढ्याच प्रमाणात पोचत असणार.

आणि ज्यांना कुणीच नाही त्यांचं काय? सिडनी रेडनर यांनी १९८१ साली छापून आलेले, सगळ्या विज्ञानशाखांतले ७,८३,३३९ पेपर घेतले आणि पुढच्या सोळा वर्षांत त्यांचं काय झालं ते पाहिलं. ३,६८,११० पेपरांचा उल्लेख एकदाही झाला नव्हता. त्यांत टाकाऊ पुष्कळ असतील. पण एखादा प्रयोग 'इथे काही सापडलं नाही' असं प्रामाणिकपणे सांगणारा असतो, तो वाचून कुणीतरी ती वाट सोडतो, आणि सोडलेल्या वाटेचा उल्लेख कुणी करत नाही. तर्पणाच्या शेवटी, ज्यांना पाणी द्यायला कुळात कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठीही पाणी सोडतात. आमच्या शास्त्रात ती सोय नाही, आणि ती कशी करावी हे मला सुचलेलं नाही.

इथे वारकरी मंडळींचा मार्ग कुणीतरी पुढे करेल, आणि तो विचारात घ्यावा असाच आहे. नामदेवांच्या गाथ्यात पुढच्या काळातल्या कितीतरी जणांचे अभंग मिसळले आहेत. सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा तर अभ्यासकांना अजून छळतो. स्वतः रचायचं आणि शेवटी मुद्रा घालायची नामदेवांची. आमच्या जगात दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवतात. यांनी आपलं काम दुसऱ्याच्या नावावर चढवलं. ऋण फेडायची याहून पूर्ण तऱ्हा नाही, ऋणको स्वतःच उरत नाही. मला हे मनापासून मोठं वाटतं, आणि तरीही भौतिकशास्त्रात मी ते चालू देणार नाही. अभंग चुकीचा असू शकत नाही. रोधाचं मोजमाप असू शकतं, आणि चुकलं तर कुणाला विचारायचं हे माहीत असावं लागतं. पेपरवरचं नाव गौरवासाठी असतं त्याच्या कितीतरी आधी ते जामीन म्हणून असतं. २०१५ साली हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाचा जो पेपर जिनिव्हाच्या दोन मोठ्या प्रयोगगटांनी मिळून छापला, त्याला ५,१५४ लेखक होते; तेहतीस पानांपैकी चोवीस पानं नावांची. नावं पाच हजार असली की नावच नसल्यासारखं होतं, असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. तंत्र उभं करणाऱ्या पोराचंही नाव तिथे आहे. ग्लासब्लोइंगच्या मामांना मी त्या यादीत आनंदाने पाहिलं असतं.

नाव लपवण्याची एक उलटी तऱ्हा जयंत नारळीकरांनी केली होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी नावाला नव्हे, कथेला तोलावं म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. ज्या माणसाने खगोलशास्त्रज्ञ फ्रेड होइल यांच्याबरोबर मांडलेल्या, बहुसंख्यांनी टाकून दिलेल्या विश्वाविषयीच्या सिद्धान्ताची बाजू आयुष्यभर लढवली, त्याला लोकमताने तोललं जाणं म्हणजे काय हे नीट माहीत असणार.

सत्येंद्रनाथ बोस यांचं उदाहरण याहून विचित्र. १९२४ साली ढाक्याहून त्यांनी एक छोटा लेख आइन्स्टाइनना पाठवला. आइन्स्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापवला. बोस यांच्याकडे डॉक्टरेट कधीच नव्हती, पेपर मोजके. आज जगात रोज 'बोसॉन' हा शब्द असलेले पेपर निघतात आणि त्यांतल्या क्वचितच एखाद्याच्या सूचीत १९२४चा तो लेख असतो. एखाद्याची कल्पना हवेसारखी सगळीकडे झाली की तिचा उल्लेख बंद होतो. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने याला रीतसर नावही दिलं आहे. आमच्या वेदान्ती मित्रांना हे फार आवडतं: नामरूप गळून पडलं, मुक्ती मिळाली. ठीक आहे. पण बोस यांचं निदान नाव तरी कणाला चिकटून राहिलं. तार्‍यावर जाऊन बसण्याआधी विभाबाईंचं नामरूप ज्या तऱ्हेने गळलं, त्याला मी मुक्ती म्हणणार नाही.

धनकोने सोडून देणं कसं असतं, हे पाहायचं तर पीटर हिग्ज. १९६४चे ते दोन छोटे पेपर. दुसरा एका नियतकालिकाने आधी नाकारला, मग त्यांनी एक परिच्छेद वाढवून दुसरीकडे दिला. त्यानंतर पुढच्या सगळ्या आयुष्यात दहाही पेपर नाहीत. एडिंबरा विद्यापीठातून यंदाच्या प्रकाशनांची यादी मागवणारं पत्रक आलं की ते लिहून पाठवत: काही नाही. २०१३ साली नोबेल घ्यायला निघाले असताना त्यांनी एका मुलाखतीत सांगितलं की आजच्या पद्धतीत आपल्याला नोकरीच मिळाली नसती. मला या माणसात आवडतं ते हे, की त्यागाचा आव नव्हता. काही नव्हतं म्हणून काही नाही लिहिलं.

आणि हर्श स्वतः? त्यांची गोष्ट एखाद्या पुराणात शोभावी अशी. वर देऊन बसलेला आणि मग वराने पछाडलेला. अतिवाहकतेचा जो सिद्धान्त १९५७पासून सर्वमान्य आहे, तो चुकीचा आहे असं ते अनेक दशकं लिहीत आले आहेत. त्या पेपरांकडे फारसं कुणी पाहत नाही. २०२० साली अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या एका वार्तापत्रात त्यांनी जाहीर लिहिलं की या निर्देशांकाचे परिणाम वाईटही होऊ शकतात. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्याला सायटेशन मिळत नाहीत आणि प्रवाह आणखी जाड होतो. ते सिद्धान्ताबाबत बरोबर आहेत असं मला वाटत नाही. माझा विषय जवळचा असला तरी तो नाही. पण त्याच सुमारास नेहमीच्या तापमानाला अतिवाहकता सापडल्याचा 'नेचर'मधला गाजलेला दावा आला, तेव्हा मूळ आकडे दाखवा म्हणून चिकाटीने मागे लागलेल्यांत हर्श होते. २०२२ साली 'नेचर'ने तो पेपर मागे घेतला. मधल्या दोन वर्षांत त्याला सायटेशन मात्र भरपूर मिळाली होती.

माझ्या बोलण्यावर एक आक्षेप आहे आणि तो मला टाळता येत नाही. निवृत्तीनंतर काही निवड समित्यांवर तज्ज्ञ म्हणून जाणं होतं. एका जागेला ढीगभर अर्ज. एका तरुण सहकाऱ्याने मला सुनावलं: "मॅडम, तुम्हाला आकडा नकोसा वाटतो, कारण तुम्हाला वशिल्याची भीती नाही. आमच्या गावाकडच्या पोराला ओळखपाळख नसते, आडनावाचं वजन नसतं. त्याच्याकडे असतो तो आकडाच." त्याचं म्हणणं खरं आहे. ऋणाचा विचार माणसाला सभ्य बनवेल, पण समितीला प्रामाणिक बनवेलच असं नाही. तर्पणाच्या यादीत कुणाचं नाव घालायचं हे एके काळी कुणीतरी ठरवलंच होतं, आणि तिथे कुणाकुणाची वर्णी लागली नसेल ते आपल्याला कधीच कळणार नाही.

म्हणून मी आकडा खोडत नाही. त्याच्या जोडीला एक काम करते. उमेदवाराचा सर्वांत चांगला पेपर घेते आणि मागून वाचायला लागते, संदर्भसूचीपासून. त्यातली एखादी जुनी, आडबाजूची नोंद निवडून विचारते, यांच्याकडून नक्की काय घेतलंत? ज्याने खरंच घेतलं असतं, तो तिथे सुटतो, खुर्चीच्या कडेवर येतो, दुसऱ्याच्या कामाविषयी बोलताना स्वतःचं काम विसरतो. ज्याने सूची उतरवली असते तो शीर्षक परत म्हणून दाखवतो. गेल्या खेपेला अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, अहो, संदर्भसूची वाचायला वेळ कुठे आहे?" मी विचारलं, "पेपर वाचायला होता का?" ते हसले आणि त्यांनी पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं.